ग्रहणात तोडलेला धागा

निपाणी,
रविवार, दुपार

प्रिय आई,

परवा फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास आणि दोन्हींना मी 'बरं' म्हणाले. पहिली, येत्या पौर्णिमेला ग्रहण आहे, त्या दिवशी विळी, कात्री, सुई कशाला हात लावायचा नाही, आडवं पडून राहायचं. दुसरी, माझ्या ओटीला तू येणार नाहीस. साडी तू विणून पाठवशील, हिरवी, लाल काठाची. पण ती घेऊन मंगलकाकू येईल आणि पहिली ओटी तीच भरेल, कारण तिला तीन धडधाकट मुलगे आहेत आणि तुला... तुझं वाक्य तिथेच राहिलं. मागून अण्णा ओरडत होता, "कोन हाय? तेजी हाय? मला दे, मला दे!" आणि फोन त्याच्याकडे गेला. काय जेवलीस, असं त्याने विचारलं आणि मी सांगायच्या आत स्वतः काय जेवला ते सांगितलं. तेवढ्यात काकूच्या हसण्याचा आवाज आला, म्हणजे स्पीकर चालू होता. आपल्या घरात फोनवर एका माणसाशी बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावर मुद्दाम 'जयवंता' लिहिलं आहे. पोस्टमन गोंधळेल, कारण गल्लीत तुला सगळे अण्णाच्या नावाने शामूची आई म्हणतात. त्याला सांग, जयवंता मीच. आणि माग बंद करून, एकटी बसून वाच.

माझं 'बरं' मी मागे घेते. दोन्ही वेळचं.

ते जुनं ग्रहण मला तीन तोंडांनी कळलेलं आहे: शालूबाई आज्जीच्या, काकूच्या आणि तुझ्या. तिन्ही जुळवून जे उरतं ते असं. पंच्याण्णव सालची दिवाळी, सकाळचं सूर्यग्रहण. वडगावात आपल्या गल्लीत दारं-खिडक्या लावलेल्या, घागरीत तुळशीची पानं टाकलेली. तू एकवीस वर्षांची, पोटात अण्णा, पाचवा महिना. मागावरची साडी पाडव्याला दुकानात पोचवायची होती आणि हातभर विणायची राहिली होती. तुला मागावर आज्जीनंच बसवलं. "नुसती बसून काय करतीस? इणायला काय इळी-कात्री लागत न्हाय. हात चालीव." बंद खोलीत, दिव्याच्या उजेडात विणताना एक उभा धागा तुटला. तू तो सांधलास, गाठ मारलीस. गाठीची शेपटी एरवी तू कात्रीने उडवतेस. त्या दिवशी लोखंड शिवायचं नव्हतं, म्हणून तू वाकून ती दाताने तोडलीस. तू नियम मोडला नव्हतास. तुझ्या परीने, डोकं चालवून, पाळला होतास.

फाल्गुनात अण्णा झाला. नर्सने त्याचे डोळे बघितले, तळहातावरची एकच आडवी रेघ बघितली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी इंग्रजीत एक नाव सांगितलं. आप्पा ते घरी येईपर्यंत विसरले. मग आज्जीने मराठीत नाव दिलं: गिराणाचं पोर. "गिराणात धागा तोडलास," असं ती म्हणाली आणि तू म्हणालीस, "कात्रीनं न्हाय, दातानं." आई, तीस वर्षं झाली, आपल्या घरात तो खटला अजून चालू आहे. दात चालतो की चालत नाही? काकूचं म्हणणं, "दात म्हंजे हाडच की गं, लोकंडापेक्षा वाईट." आत्याचं म्हणणं, लोखंड ते लोखंड, दाताचं काही नाही, दोष साडीच्या रंगाचा असेल. अण्णाला दात उशिरा आले तेव्हा निकालच लागला. अशा मुलांना दात उशिराच येतात, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. आपल्या घरात ते दात पुरावा म्हणून दाखल झाले.

मी लहान होते तेव्हा मला आज्जीचा राग यायचा. आता तिचा येत नाही, ती गेली. आता राग येतो तो या गोष्टीचा की तू इतकी वर्षं चुकीचा मुद्दा लढवलास. कुणी टोमणा मारला की तू अजून तेच म्हणतेस, कात्री नव्हती घेतली. म्हणजे कात्री घेतली असतीस तर तुझा गुन्हा ठरला असता, हे तू मान्य करून टाकलंस. मला ते मान्य नाही.

आता सांगते ते माझं मत म्हणून ऐकू नकोस. मतं बदलतात. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. अण्णाच्या पेशींत एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन आहेत. ते तिसरं कधी आलं? गर्भ राहायच्या आधी. बीज तयार होताना जोडी सुटी व्हावी लागते आणि कधीकधी ती सुटत नाही. का सुटत नाही, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. बहुतेक वेळा हे बाईच्या बीजात घडतं, काही वेळा पुरुषाच्या. आणि बाईचं बीज घडायला लागतं ती स्वतः आईच्या पोटात असताना. म्हणजे अण्णाच्या बीजाची सुरुवात झाली तेव्हा तू उचगावच्या आज्जीच्या पोटात होतीस. (आता तिला दोष द्यायला जाऊ नकोस. ती भाताच्या चिखलात उभी असणार, तिला कुणी विचारलं नव्हतं.) ग्रहण लागलं त्या सकाळी अण्णा तुझ्या पोटात लाथा मारत होता आणि ते तिसरं गुणसूत्र त्याच्या पेशीपेशीत आधीच होतं. तू निजली असतीस, जप केला असतास, कात्रीने अख्खी साडी उभी फाडली असतीस, तरी त्यात एका गुणसूत्राचाही फरक पडला नसता.

एम.एस्सी.ला असताना मी अण्णाचं रक्त तपासायला नेलं होतं, आठवतं? सुई टोचल्यावर तो कन्नडमध्ये "साकु, साकु" ओरडला, पुरे, पुरे म्हणून, आणि मग बाटलीतलं रक्त बघून नर्सला म्हणाला, "माजं परत दे." तू विचारलंस, आता हे कशाला? मला एक गोष्ट बघायची होती. थोड्या घरांत हे जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं आणि तसं पिढीतून पिढीत उतरू शकतं. आपल्या घरात तसं नाही. अण्णाचं तिसरं एकवीस सुटं आहे. ते त्याला कुणी वारशाने दिलेलं नाही आणि त्याची बहीण म्हणून माझ्याकडेही आलेलं नाही. हे वाक्य लक्षात ठेव, शेवटी लागेल.

तू मला नेहमी विचारतेस, तू तिथं नेमकं काय करतीस गं? मी म्हणते हार्मोन मोजते, आणि तू गल्लीत सांगतेस की तेजी रक्त-लघवी तपासते. आज नीट सांगते. मी रोज निपाणीहून कोल्हापूरला जाते. सीमेवर कंडक्टरची भाषा बदलत नाही, फक्त तिकिटावरची बदलते. बाळंतपणानंतर जी वार पडते, जी आपल्याकडे परसात पुरतात, ती आमच्या प्रयोगशाळेत बर्फाच्या डब्यातून येते. वार हा बाळाचा अवयव आहे, आईचा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाळाच्या पेशींत तीन एकवीस असतील तर वारेच्याही पेशींत ती असतात. या पेशी आधी सुट्या असतात. मग त्या आपापल्या मधल्या भिंती विरघळवून एकमेकींत मिसळतात आणि एकसंध थर होतो. (आपल्या गल्लीत उलटं आहे, तिथे भाऊ भिंती घालतात.) तो थर आईच्या रक्तातून बाळाला लागेल ते उचलतो आणि एक हार्मोन तयार करतो. घरी तपासायच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याच हार्मोनमुळे. गंमत अशी की वार हा हार्मोन नुसता पाठवत नाही, ऐकतेही. तिच्या स्वतःच्या पेशींवर त्यासाठीचे रिसेप्टर असतात, कान म्हण हवं तर. तो संदेश ऐकूनच सुट्या पेशी मिसळायला लागतात.

अण्णासारख्या बाळांच्या वारेत हे मिसळणं अडखळतं. पेशी जवळ येतात आणि नुसत्या शेजारी बसून राहतात. आईच्या रक्तात हार्मोन मात्र वाढलेला दिसतो, साधारण दुप्पट. मग इतका हार्मोन असून काम का होत नाही? काही प्रयोगशाळांना असं दिसलं की तो तयार होतो पण कमजोर असतो आणि तो ऐकणारे रिसेप्टरही कमी असतात. काहींना तितकं स्पष्ट दिसलेलं नाही. आम्ही तेच मोजतो आहोत. मागच्या खोलीतले चारही यंत्रमाग चालू असताना तू अंगणातून हाक मारतेस, आत कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तू आणखी मोठ्याने मारतेस, तसं काहीसं. ही उपमा आहे, पुरावा नाही. पण हे काम करताना मला अंगणातली तू पुष्कळदा आठवलीस.

या कामातलं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? आमच्याकडे नमुन्यासोबत जी माहिती येते तिच्यात बाईचं वय असतं, महिना असतो, आजार असतील तर ते असतात. ग्रहणात ती कुठे बसली होती, काय तोडलं, कुणाच्या सावलीत गेली, हे कुणी विचारत नाही. त्यातले काही नमुने अशा बायांचे आहेत ज्यांनी ते बाळ ठेवलं नाही. त्यांनी परवानगी दिली, म्हणून मला हे सगळं माहीत झालं. त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललेलं मी ऐकून घेत नाही. कुणाच्या घरी किती हात आहेत, हे बाहेरून दिसत नाही. तुझ्या घरी तुझे दोनच होते, हे मी आतून बघितलं आहे. सध्या मी नमुन्यांना हात लावत नाही, रसायनांमुळे. बसून आकडे बघते. मधे दोन दिवस घरीच होते, त्याचं कारणही पुढे येईल.

आधी सुवर्णाच्या ओटीविषयी. आपण दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. चार-पाच वर्षं झाली असतील. भावकूकाकांच्या सुनेची ओटी, आख्खी गल्ली जमलेली. तू प्रत्येक ओटीला जातेस, मागच्या दाराने. शामूच्या आईसारख्या पुऱ्या कुणाच्या फुगत नाहीत, असं सगळ्या म्हणतात. ते खरंही आहे, आणि तू चुलीपाशीच राहावीस म्हणूनही ते म्हटलं जातं. सुवर्णा पाटावर बसली होती. काकू तबक घेऊन पुढे व्हायच्या बेतात. दारात अण्णा उभा होता, कुणीतरी त्याच्या हातात नारळ धरायला दिला होता. तो सरळ आत चालत आला, नारळ सुवर्णाच्या पदरात ठेवला आणि म्हणाला, "घे गं. जड हाय. सांभाळ."

बाप्यानं ओटी भरली, त्यात आपल्या अण्णानं. "अगं बया, आता काय करायचं?" कुणीतरी म्हणालं. "परत पयल्यापासनं बसवा तिला," दुसरी म्हणाली. तू आतून झारा हातात घेऊन धावत आलीस, तेलाचे थेंब फरशीवर सांडत. अण्णाला दंडाला धरून ओढलंस आणि एकेका बाईकडे बघून माफी मागितलीस. एकटी सुवर्णा हसत होती. तिने नारळ काढला नाही. "ऱ्हाऊ दे की काकी," ती म्हणाली, "एवढ्या बायांत ह्योच एक मनापासनं बोलला." तिची मुलगी आता बालवाडीत जाते, अण्णाला शाममामा म्हणते, आणि संध्याकाळी दोघं बसथांब्यावर उभे राहून कंडक्टरच्या आधी "होगली, होगली", जाऊ दे, जाऊ दे, ओरडून गाड्या सोडतात. मुलगी ठणठणीत आहे. ती तशी नसती तरी तो नारळ चांगलाच होता. पण गल्लीला पुराव्यांची इतकी हौस आहे, तर हाही एक दाखल करून घ्या म्हणावं.

मला त्या दिवसातलं काय छळतं, तर तुझी माफी. अण्णाने काय केलं होतं? आणि तू काय केलं होतंस? त्या दिवसापासून मी ठरवलं की त्याला शामू म्हणायचं नाही. तो माझ्याहून मोठा आहे, तो अण्णा आहे. तुम्ही सगळे हसलात. तो हसला नाही. तेव्हापासून तो मला रस्ता ओलांडताना हाताला धरतो आणि गाडीवाल्यांना शिव्या देतो. त्याला मी देवमाणूस म्हणत नाही, देवाचं लेकरूही म्हणत नाही. तो हट्टी आहे, माझ्या ताटातली पोळी चोरतो, रुसला की दोन दिवस सुताच्या कांड्या भरत नाही आणि तुझा माग अडवून धरतो. तो माणूस आहे. त्याला एवढं पुरे आहे.

आता इथलं ऐक. सौरवच्या आई, आक्काताई, वाईट नाहीत. मला भाकरी थापता येत नाही हे त्यांनी पहिल्या आठवड्यात मान्य करून टाकलं. पण तुझा फोन आला त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की पहिली ओटी माझी आई भरेल, तेव्हा त्या निवडत होत्या ते तांदूळ निवडतच राहिल्या. "तुज्या आईला वाईट वाटंल असं कायबी करायचं न्हाय गं," त्या म्हणाल्या, "पर रीत हाय. चांगल्या लेकरांच्या आईनं पयली वटी भरायची." मी विचारलं, "माझी आई दोन लेकरांची आई हाय. त्यातलं एक तुमची सून. मी चांगली न्हाय काय?" त्या म्हणाल्या, "तू लई बोलतीस." मी म्हणाले, "व्हय." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "लोक काय म्हंतील?" "लोक पुऱ्या खातील," मी म्हणाले. त्यांना हसू आलं, ते त्यांनी पदरात लपवलं आणि सुपात बघत विचारलं, "आन् तुजी आई भाईर बसल्यावर पुऱ्या तळनार कोन?" त्या राजी झाल्या असं मी लिहीत नाही. पण त्यांना अडचण आता पुऱ्यांची वाटते आहे, एवढी नोंद मी केली.

सौरव म्हणाला होता, आईशी मी बोलतो. सौरव चांगला आहे. चांगली माणसं बहुतेक उद्या बोलतात, म्हणून मीच बोलले.

आणि मंगलकाकूबद्दल माझ्या मनात काही नाही. तिने यावं, पोटभर जेवावं, दुसरी ओटी भरावी. मला फक्त एक समजावून सांग. साडी तुझ्या हातची चालते. पाचवारी साडीचा एकेक धागा तुझ्या बोटांतून जातो, तुटला तर तुझ्या हाताने सांधला जातो, ती साडी मी अंगाला गुंडाळायची, पोटावरून नेसायची, त्याने बाळाला काही होत नाही. आणि त्याच हाताने पाच मुठी तांदूळ माझ्या पदरात घातले की होतं? हे कुठल्या शास्त्रात आहे ते मला दाखव. मी शोधलं. माझ्या शास्त्रात नाही, आक्काताईंच्या पंचांगातही नाही. ते फक्त गल्लीत आहे, आणि तुझ्यात आहे. गल्लीतलं काढायला मला वेळ लागेल. तुझ्यातलं तू काढ.

आता शेवटचं, आणि ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले. उभी असशील तर खाली बस. तिसऱ्या महिन्यात माझं रक्त तपासलं, तेव्हा ज्या हार्मोनवर मी काम करते तोच माझ्या रक्तात असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त निघाला. हा निकाल नव्हे, शंका आहे. असा आकडा आलेल्या बहुतेक बायांच्या बाळांत जादा गुणसूत्र नसतं. पक्कं कळावं म्हणून पोटातल्या पाण्याचा नमुना दिला, ते दोन दिवस घरी होते. तू आता कपाळाला हात लावून म्हणशील, माझंच आलं पोरीवर. वरचं वाक्य परत वाच. तुझ्याकडून, अण्णाकडून, काहीही आलेलं नाही. बाळ मी ठेवणार आहे, तिसरं गुणसूत्र असलं तरी. तपासणी यासाठी की तसं असेल तर त्याचं हृदय आधीच बघून ठेवता येईल. अण्णाच्या हृदयातलं छिद्र तो निळा पडायला लागल्यावर कळलं होतं. सौरवला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुजा अण्णा मला दर बारीला काय जेवलास म्हणून इचारतो. दुसरं कोन इचारतंय?" बाळ ठेवण्याबद्दलचं त्याचं उत्तर मला तेवढ्यात मिळालं. आक्काताईंना ओटीच्या आधी सांगेन. लपवून भरलेली ओटी मला नको. निकाल चार-पाच दिवसांत येईल आणि हे पत्र मी त्याच्या आधी पोस्टात टाकते आहे. निकाल हवा तसा आला आणि मग तुला बोलावलं, तर लोक म्हणतील, बाळ ठीक निघालं म्हणून आईला पुढे केलं. नको तसा आला आणि मग बोलावलं, तर म्हणतील, आता काय बिघडायचं राहिलंय. मी तुला काहीही माहीत नसताना बोलावते आहे. पौर्णिमेला मी वडगावात असेन. त्या संध्याकाळी चंद्र ग्रहण घेऊनच उगवेल. साडी तेवढ्यासाठी हातभर शिल्लक ठेव आणि दार उघडं ठेवून मागावर बस. कांड्या अण्णा भरेल, रुसला नसेल तर. मी तुझ्या शेजारी बसेन आणि शेवटच्या गाठीची शेपटी मी तोडेन. कात्री काढून ठेवू नकोस. मी दातानेच तोडणार आहे.

अण्णाची धाकटी आणि तुझीच,
तेजस्वी